लोखंडाला एक, टाईलला दुसरी: ग्राइंडरच्या चकत्यांची पारख

'सगळं कापते' असं लिहिलेली चकती हातात घेतली की मोह होतोच. एकच चकती लावायची, पाइपही कापायचा आणि फरशीही. पण बारीक काम करणाऱ्याने ती घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती लोखंडावर संथ चालते आणि चकचकीत टाईलच्या कडेचे टवके उडवते. याचं कारण चकतीच्या पोटात आहे.

लोखंड कापणारी साधी चकती म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण, त्यांना धरून ठेवणारं रेझिन आणि आत फायबरग्लासची जाळी. कापताना कण बोथट होतो, गळून पडतो आणि खालचा धारदार कण वर येतो. म्हणजे ही चकती झिजलीच पाहिजे. 'फार लवकर संपते' म्हणून लोक कडक चकती मागतात आणि मग ती पातळ मालावर नुसती घासत बसते. माल तापतो, कड निळी पडते, खाली जाड बर (कापाच्या कडेला लटकणारी धातूची खरबरीत धार) येते, शिवाय वर जोर लावावा लागतो. पातळ पत्र्याला, पाइपला मऊ बांधणीची, पटापट कापणारी चकती लागते.

जाडीबद्दल आमचा कौल १ मिमीला. पत्रा, चौकोनी पाइप, हलका अँगल, स्टेनलेस या सगळ्याला तीच. खाच अरुंद पडते, म्हणून माल कमी निघतो, उष्णता कमी होते आणि बर जवळजवळ येत नाही. तिचा एकच दोष, आडवा ताण तिला सोसत नाही. कापात असताना मनगट वळलं की ती तडकते. वेड्यावाकड्या जागी, ओणवं होऊन किंवा डोक्याच्या वर कापायचं असेल तर १.६ मिमी बरी. २.५ ते ३ मिमीची चकती जाड गज आणि रांगड्या कामाला ठेवावी. ६ मिमीची चकती घासायची असते, तिने कापत बसू नये. उलट चूक जास्त धोक्याची आहे. कापायच्या पातळ चकतीच्या बाजूने वेल्डिंग घासलं की जाळी खरवडली जाते. तेव्हा काही दिसत नाही, पण पुढच्या कापात चकती फुटते.

स्टेनलेससाठी 'आयनॉक्स' लिहिलेलीच घ्या. तिच्यात लोह, गंधक आणि क्लोरीन नगण्य ठेवलेलं असतं, त्यामुळे कापलेल्या जागी नंतर गंजाचे ठिपके येत नाहीत. ती साध्या लोखंडावरही उत्तम चालते, म्हणून एकाच प्रकारचा साठा करायचा असेल तर १ मिमी आयनॉक्सचा करावा. मात्र लोखंडावर वापरलेली चकती पुन्हा स्टेनलेसला लावू नका, लोखंडाचा कीस तिच्यासोबत जातो. ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. तो मऊ धातू साध्या चकतीच्या कणांमध्ये भरून बसतो, चकती गुळगुळीत होते आणि तापते. त्याच्यासाठी वेगळी चकती मिळते, तीच घ्यावी.

घेताना लेबल वाचायला शिका. 'ए ६० टी बीएफ' असं काही छापलेलं असतं. ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, सी असेल तर सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे दगडाची चकती. ६० हा कणाचा नंबर, आकडा मोठा तितका कण बारीक. पुढचं अक्षर कडकपणाचं, आणि बीएफ म्हणजे जाळी घातलेलं रेझिन. भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावर बहुधा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, ती वापराची मुदत. रेझिनच्या चकतीला बनल्यापासून ३ वर्षं धरतात, कारण दमटपणाने पकड कमजोर होते. चकत्या कोरड्या जागी, आडव्या, सपाट ठेवायच्या.

आता वेग. अशा चकत्यांची कड साधारणपणे सेकंदाला ८० मीटर वेगापर्यंत सुरक्षित असते. त्या हिशेबाने १०० मिमी चकतीला सुमारे १५,३०० आरपीएम (मिनिटाला फेरे), १२५ मिमीला १२,२००, १८० मिमीला ८,५०० ही मर्यादा पडते. चार इंची मशीन ११,००० च्या आसपास फिरतं. गार्ड काढून त्याला ७ इंची (१८० मिमी) चकती लावली तर कडेचा वेग १०४ मीटरच्या घरात जातो. भोकही जुळत नाही. लहान मशीनला १६ मिमी, मार्बल कटरला बहुधा २० आणि मोठ्या ग्राइंडरला २२.२३ मिमी लागतं. कागद किंवा तार गुंडाळून भोक भरणं हा जिवाशी खेळ आहे.

टाईलचं पातं मुळातच निराळं. त्यात धातूच्या पुडीत हिऱ्याचे कण बसवलेले असतात. धातू हळूहळू झिजतो आणि नवा हिरा उघडा पडतो. इथे बरेच जण फसतात, कारण नियम उलटा वाटतो: माल जितका टणक, तितका पात्याचा धातू मऊ हवा. व्हिट्रिफाइड टाईल (काचेसारखी घट्ट भाजलेली फरशी) टणक असते, तिची पूड पात्याला फारशी झिजवत नाही. म्हणून काँक्रीट किंवा विटेसाठी बनवलेलं कडक धातूचं पातं तिच्यावर चालवलं की हिरे बोथट होतात, वरचा धातू तसाच राहतो आणि पातं गुळगुळीत होऊन बसतं. कडेला ठिणग्यांचं लाल कडं दिसायला लागलं की ओळखावं. पातं संपलेलं नसतं. एखाद्या खरबरीत विटेत किंवा सिमेंटच्या ठोकळ्यात चार-पाच उथळ काप घ्या, धातू घासला जाऊन हिरे पुन्हा वर येतात. तरी वारंवार असं होत असेल तर पातंच चुकीचं आहे.

कडेच्या रचनेचं म्हणाल तर तुकड्या-तुकड्यांची कड काँक्रीटला, लहरी कड ग्रॅनाइटला आणि सलग कड टाईलला. त्यातही जाळीसारखी नक्षी असलेलं, सुमारे १.२ मिमीचं पातळ पातं व्हिट्रिफाइडवर सर्वात स्वच्छ चालतं. घेताना मध्यभागी जाड केलेलं पाहून घ्या. पातळ पात्याचं पोट हललं की काप वाकडा जातो आणि टवके उडतात. सिलिकॉन कार्बाइडची दगडी चकती टाईलला घेऊ नका. भिंतीच्या मऊ टाईलवर ती कशीबशी चालते, पण व्हिट्रिफाइडवर टाईलआधी चकतीच संपते.

पातं कितीही चांगलं असलं तरी पद्धत चुकली की कड जाते. चकचकीत बाजू वर, रेघेवर कागदी टेप, खाली पूर्ण आधार. पहिला हात फक्त २-३ मिमी खोल, मग पूर्ण खोली. शेवटचा इंचभर दुसऱ्या टोकाकडून कापा, कारण पातं बाहेर पडताना कोपरा तुटतो. एल आकार काढायचा असेल तर आतल्या कोपऱ्यात आधी ६-८ मिमीचं भोक पाडा, नाहीतर तिथूनच तडा पळतो. पाण्याने पातं थंड राहतं आणि धूळ बसते, पण पाणी फक्त त्यासाठी बनवलेल्या मशीनवर आणि वीजगळती झाली की ट्रिप होणाऱ्या सर्किटवर. कोरडं कापताना एन९५ मास्क हवाच. या धुळीतला सिलिका फुफ्फुसात गेला की परत निघत नाही.

टाईलचं पातं लोखंडाला लावू नका. तापलेल्या लोखंडात हिऱ्यातला कार्बन विरघळतो आणि हिरे वाया जातात. धातूसाठी ब्रेझिंग केलेली (वितळवलेल्या धातूने हिरे चिकटवलेली) हिऱ्याची चकती वेगळी मिळते. ती फुटत नाही आणि तिचा व्यास घटत नाही, म्हणून जागेवर गज कापायला ती चांगली. फॅब्रिकेशनच्या नेटक्या जोडाला मात्र ती संथ पडते आणि बर सोडते.

बसवताना बाणाची दिशा पाहा, रेझिनच्या चकतीवरचा कागद काढू नका आणि नटची बरोबर बाजू चकतीकडे करा. नवी चकती मिनिटभर मोकळी फिरवा, समोर कोणी उभं नको. माल असा टेकवा की कापलेला तुकडा खाली पडताना खाच उघडेल. ती मिटली तर चकती अडकून मशीन उसळतं. रेझिनची चकती हातातून पडली तर चीर दिसो वा न दिसो, टाकून द्या. हिऱ्याच्या पात्याच्या पोलादी अंगावर केसाएवढी चीर दिसली की कडेला कितीही हिरे शिल्लक असले तरी ते मशीनवरून उतरवा.