गॅरेजच्या दरवाजाला ‘लाकडी रूप’ देणारा किट: मागवण्याआधी वाचा

‘तासाभरात कायापालट’, ‘ड्रिल नको, प्रायमर नको, रंगारी नको’. गॅरेजचा साधा दरवाजा घरच्या घरी लाकडी दिसायला लावणाऱ्या किटच्या जाहिराती अशा भाषेत असतात. असा एक किट मी मागवला आणि पैसे परत मिळवायला मला बँकेपर्यंत जावं लागलं. विक्रेत्याचं नाव देण्यात अर्थ नाही, कारण ते टिकतच नाही; माझी तक्रार चालू असतानाच त्यांच्या दुकानावरची पाटी बदलली होती. ही फसवणूक कशी बेतलेली असते ते मात्र सांगण्यासारखं आहे.

आमचा दरवाजा पत्र्याचा, पांढरा, आडव्या पॅनेलचा, सांध्यांत वळत वर जाणारा, आत फोम भरलेला. त्यात वाईट काही नव्हतं. पण घरासमोर उभं राहिलं की आधी तोच नजरेत भरायचा, आणि त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं. जाहिरातीच्या व्हिडिओत एक माणूस लाकडी रेषांची फिल्म पॅनेलवर दाबत जातो, काळ्या बिजागऱ्या आणि कड्या चुंबकानं टपाटप बसवतो, कॅमेरा मागे सरकतो आणि समोर जुन्या धाटणीचा भारदस्त लाकडी दरवाजा उभा. तो शेवटचा दरवाजा खरोखरच लाकडाचा होता. फिल्म लावताना दाखवलेल्या दरवाजाला चार पॅनेल आणि शेवटच्याला पाच, हे व्हिडिओ जागोजागी थांबवून पाहिला तर सरळ मोजता येतं.

पार्सलमधून निघाली फिल्मची एक गुंडाळी आणि चुंबकी रबराच्या पातळ चकत्या. बिजागऱ्या म्हणजे त्या चकत्यांवर छापलेलं बिजागऱ्यांचं चित्र. उठाव दिसावा म्हणून खिळ्यांच्या माथ्यांशेजारी सावलीसुद्धा छापलेली. ही सावली कायम उजवीकडे पडते. संध्याकाळी ऊन उजवीकडून आलं की दरवाजावरच्या बाकी सगळ्या सावल्या डावीकडे आणि बिजागऱ्यांच्या तेवढ्या उजवीकडे. फिल्मवर लाकडाची एक गाठ होती, टक लावून बघणाऱ्या डोळ्यासारखी. वीतभर अंतरावर तीच गाठ पुन्हा, मग पुन्हा, अशी दरवाजाभर. एकदा तिच्याकडे लक्ष गेलं की दुसरं काही दिसत नाही.

विनाइल फिल्म ढोबळमानानं दोन प्रकारची असते. ओतून तयार केलेली फिल्म खोलगट जागेत नीट बसवली की बऱ्यापैकी तिथेच राहते. गाड्यांच्या वळणदार भागांवर लावतात ती ही. दुसरी रुळांमधून दाबून काढलेली. ती स्वस्त पडते, सपाट पाटीला चालते, पण ताणून बसवली तर हळूहळू आखडून पुन्हा मूळ मापाला येऊ पाहते. पॅनेलच्या दरवाजाला उंचसखल भाग असायचेच. आमच्या दरवाजावर फिल्म आधी खोबणीतून सुटली, मग कडेनं आत आली, आणि जिथून ती मागे सरली तिथे चिकट पट्टा उघडा पडून धूळ धरू लागला. लाकडाचा तपकिरी रंग उन्हानं गुलाबट झाला, कारण छपाईवर उन्हापासून वाचवणारा थर नव्हताच.

गडद रंगाचा आणखी एक ताप असतो, आणि जाहिरातीत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. गडद पृष्ठभाग ऊन जास्त शोषतो. फोम भरलेल्या दरवाजाचा बाहेरचा पत्रा त्यामुळे आतल्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो, जास्त पसरतो आणि पॅनेलला बाक येतो. दरवाजा बनवणारे कित्येक उत्पादक याच कारणासाठी गडद रंग देऊ नका असं बजावून ठेवतात. तसं केल्यास वॉरंटीही जाऊ शकते. आमचं मधलं पॅनेल भर उन्हात फुगून कडेच्या रबरी पट्टीला घासायचं आणि रात्री सरळ व्हायचं.

आता खरी मेख. परत करण्याची मुदत 30 दिवस, असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. ती मुदत माल हातात पडल्यापासून नव्हे तर पाठवल्यापासून मोजायची, हे खाली बारीक अक्षरात. माल मुद्दाम संथ मार्गानं येतो. उरलेल्या दिवसांत फिल्म छान चिकटलेली असते, फोटोही चांगले येतात, लोक उत्साहानं पाच तारे देऊन मोकळे होतात. ऊन-पावसाचा पहिला फेरा होईपर्यंत मुदत केव्हाच सरलेली असते. माल निकृष्ट असणं हा अपघात म्हणता येईल एखादे वेळी. मुदत अशी कापून ठेवणं हा अपघात नव्हे.

तक्रार केल्यावर उत्तर लगेच आलं, तेही अगदी गोड. फोटो पाठवा. पाठवले. व्हिडिओ पाठवा, त्यात ऑर्डर क्रमांक लिहिलेला कागद धरा. तोही पाठवला. मग कळवलं की पृष्ठभाग नीट तयार केला नसणार. जाहिरातीत ‘कसलीही तयारी नको’ असं होतं, हे दाखवायला गेले तर पानावरून ते वाक्यच गायब! नशिबानं ऑर्डर करताना पानाची चित्रं जपून ठेवली होती. ती पाठवताच सूर बदलला: माल ठेवून घ्या, किमतीचा थोडा भाग परत देतो. नाही म्हटलं की आकडा जरासा वाढायचा. पूर्ण पैसे हवेत म्हटल्यावर परत पाठवायचा पत्ता मिळाला तो परदेशातला, आणि पाठवणीचा खर्च किटच्या किमतीलाही भारी. हा सगळा वेळकाढूपणा असतो, कारण कार्डाच्या व्यवहाराला हरकत घेण्याचीही एक मुदत असते आणि ती उलटावी याचीच ते वाट बघत असतात.

मी बँकेत हरकत नोंदवली तशी त्यांची शेवटची खेळी आली: ‘तुम्ही तक्रार मागे घ्या, घेतल्या घेतल्या पूर्ण रक्कम सोडतो.’ बँकेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अजिबात घेऊ नका. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडत नाही, आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.” पैसे मिळाले ते जाहिरातीतलं वचन आणि आलेल्या मालाचे फोटो शेजारी शेजारी ठेवल्यामुळे. मधल्या काळात जाहिरातीखाली मी खरा अनुभव लिहिला होता, तर एक ‘पैसे सोडवून देणारा’ उपटला. आधी थोडं शुल्क भरा म्हणाला. ही पहिल्यांचीच पिलावळ की दुसरीच टोळी, कोण जाणे. पण फसलेल्या माणसाला पुन्हा गाठण्याचा हा धंदा जोरात आहे.

किटचे पैसे आले. दरवाजाचं झालेलं नुकसान कुणी भरून दिलं नाही. फिल्म ऊबदार करून, अगदी कमी कोनात ओढली तरी काही ठिकाणी ती कारखान्याचा रंग घेऊनच निघाली आणि खाली जस्ताचा मुलामा उघडा पडला. अशा जागी ऑइलपेंट थेट मारू नका. त्यातल्या तेलाची जस्ताशी प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि वरचे पोपडे निघतात. सौम्य साबणानं धुवून, गोंदाचा अंश काढून, 220 नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवून गॅल्वनाइज्ड पत्र्याचा प्रायमर लावला आणि त्यावर बाहेरच्या कामाच्या ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ हात. हवा 10 ते 30 अंशांच्या दरम्यान हवी आणि दरवाजावर थेट ऊन नको, नाहीतर रंग पसरायच्या आधीच आळतो. पॅनेलच्या सांध्यातल्या कडा दरवाजा थोडा थोडा वर करत रंगवाव्यात. त्या राहिल्या तर दरवाजा वळताना जुना पांढरा रंग रेघेसारखा चमकतो. रंग पूर्ण वाळायच्या आत दरवाजा दाबून बंद केला तर रबरी पट्टी त्याला चिकटते आणि उघडताना रंग सोलून आणते.

लाकडी रूपच हवं असेल तर ते रंगानंही साधतं. फिकट तपकिरी थरावर जेल स्टेन (लाकडाची छटा देणारा दाटसर रंग) कोरड्या ब्रशनं रेषांच्या दिशेनं ओढायचा, उभे आणि आडवे भाग मास्किंग टेप लावून वेगवेगळे करायचे, वर बाहेरच्या कामाचा पारदर्शक थर द्यायचा. काम चिकाटीचं आहे. मी त्या वाटेला गेले नाही. भिंतीशी मिळताजुळता फिकट करडा रंग दिला आणि मला तो नकली लाकडापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

चुंबकी बिजागऱ्या सगळ्याच टाकाऊ असतात असं नाही. खऱ्या उठावाच्या, जाड, चांगल्या चुंबकाच्या मिळतात. पण आधी फ्रिजवरचं एखादं चुंबक आपल्या दरवाजाला लावून बघा. ॲल्युमिनियम, फायबरग्लास किंवा लाकडाचा दरवाजा असेल तर काहीच धरणार नाही, आणि ‘कुठल्याही दरवाजाला चालतं’ म्हणणारा विक्रेता तिथेच उघडा पडतो. पत्र्यावर बसवल्या तरी त्या अधूनमधून काढून मागची जागा पुसावी लागते, नाहीतर अडकलेल्या ओलीनं गंज धरतो.

आता तेच लोक नव्या नावानं अस्सल लाकडाच्या चिकटपट्ट्या विकत आहेत. व्हिडिओ जुनाच, पाच पॅनेलचा दरवाजाही तोच. यात पैसे जाण्यापेक्षा मोठा धोका आहे. गॅरेजचा दरवाजा वर जातो तो स्प्रिंगच्या जोरावर, आणि ती स्प्रिंग त्याच दरवाजाच्या वजनाला जुळवलेली असते. वर लाकडाचं ओझं चढवलं की तोल बिघडतो, ओपनरच्या, म्हणजे दरवाजा विजेवर उघडणाऱ्या यंत्राच्या, मोटरवर ताण येतो आणि दरवाजा खाली येताना आवरत नाही. कुणी आधीच अशा पट्ट्या लावल्या असतील तर दरवाजा पूर्ण बंद असताना त्याला ओपनरपासून सोडवा आणि हातानं कमरेइतका उचलून बघा. तोल ठीक असेल तर तो जागच्या जागी थांबतो. खाली ओढ घेत असेल तर हळूच टेकवा, पट्ट्या काढा आणि दरवाजाचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवा. स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. तिच्यात भरलेला ताण हाड मोडण्याइतका असतो.