890 डॉलरमध्ये लागलेलं लग्न

आधी पैसे सांगते, कारण फोन करणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो. आमचं लग्न लावणाऱ्या सेलिब्रंट बाईंची फी 890 डॉलर. शिवाय मेलबर्नजवळ टार्नीटला आमच्या घरापर्यंत यायचे 60 डॉलर, जे पहिल्या फोनवर निघाले नाहीत आणि थेट बिलात उगवले. आधी बोलल्या असत्या तर मी हूं की चूं केलं नसतं. पण मी पेरोलमध्ये काम करते, मागून येणारे आकडे मला सोसत नाहीत. सेवेला साडेचार तारे देते आहे, अर्धा तारा तिथे गेला.

स्वस्तातही झालं असतं. स्प्रिंग स्ट्रीटवर ओल्ड ट्रेझरी बिल्डिंगमध्ये सरकारी मॅरेज रजिस्ट्री आहे, तिथे मोजक्या माणसांत उरकता येतं. पण मला लग्न घरामागच्या अंगणातच करायचं होतं, माझ्या कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी. ती कुंडी मी चार हिवाळे जगवली आहे. मेलबर्नला राहणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

माझं हे दुसरं लग्न. पहिलं 2011 साली सांगलीला कार्यालयात झालं आणि पुढे पुण्याच्या कुटुंब न्यायालयात संपलं. नवरा इथलाच, बॅलरॅटचा, विधुर. म्हणजे आमच्या दोघांच्याही कागदांना शेपूट होतं, आणि म्हणूनच कागद नीट बघणारं माणूस हवं होतं. गोड बोलणारे सेलिब्रंट पुष्कळ मिळतात. वेबसाइटवर सूर्यास्ताचे फोटो, अनवाणी नवरी वगैरे. आम्ही निवडलेल्या बाई साठीच्या, आधी शाळेत शिकवायच्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुमचा घटस्फोट कोणत्या भाषेत आहे?"

मराठीत होता. न्यायालयाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत पुण्याहून भावाने मागवली आणि नाटी या इथल्या अनुवादकांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या अनुवादकाकडून तिचं इंग्रजी करून घेतलं. घरी बसून स्वतः केलेलं भाषांतर चालणार नाही, हे त्यांनी लगेच सांगून टाकलं. नवऱ्याने पहिल्या बायकोचा मृत्यूचा दाखला आणला. बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, परत दिला आणि चहा झाल्याशिवाय पुढचा कागद मागितला नाही. बाकी जन्मतारीख, जन्मस्थळ आणि ओळख यासाठी माझा भारतीय पासपोर्ट पुरला, कारण त्यावर जन्मगाव छापलेलं असतं. मिरजेहून जन्मदाखला आणायची धावपळ वाचली.

आता मुहूर्ताचं. इथे लग्नाआधी एक फॉर्म द्यावा लागतो, नोटीस ऑफ इंटेंडेड मॅरेज. इथे सगळे त्याला 'नॉइम' म्हणतात. तो सेलिब्रंटच्या हातात पडल्यापासून किमान एक महिना गेला पाहिजे, आणि 18 महिन्यांच्या आत लग्न लागलं पाहिजे. आमचा फॉर्म पोचला 3 फेब्रुवारी 2025 ला. सांगलीच्या गुरुजींनी आईला काढून दिलेली तारीख होती 1 मार्च. दोन दिवसांसाठी घोडं अडलं.

आईने जे केलं ते कुठलीही आई करेल. "बाईंना म्हणावं, तारीख जरा मागची टाका. कोण बघतंय?" मी हे भीत भीत, हसत हसत बाईंपुढे ठेवलं. त्या हसल्या नाहीत. महिना भरायच्या आत लग्न लावलं तर कायद्याने गुन्हा त्यांच्यावर येतो, आणि खोटी तारीख त्या कधीच टाकणार नाहीत. मुदत कमी करायला रीतसर अर्ज करता येतो, पण तो दुसऱ्या अधिकाऱ्याकडे. कारणंही ठरलेली आहेत: नोकरी-प्रवास, लग्नाची व्यवस्था किंवा धार्मिक कारण, आजारपण, कोर्टकचेरी, नोटिशीतली चूक. "अर्ज करा, पण मिळेलच असं समजून हॉल बुक करू नका," म्हणाल्या. आम्ही अर्ज केला नाही. गुरुजींना परत फोन लावला आणि त्यांनी पंधरा मिनिटांत 8 मार्च काढून दिली. शनिवारही मिळाला. सरकारपेक्षा पंचांग लवचिक निघालं.

फॉर्मवर सही करताना सेलिब्रंट साक्षी लागतात. नवरा तेव्हा कामासाठी कराथाला होता, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. जून 2024 पासून ही सही व्हिडिओ कॉलवर चालते, फक्त पेन कागदावर चालताना त्यांना समोर दिसलं पाहिजे. नवऱ्याने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून सही केली. प्रत्यक्ष लग्न मात्र व्हिडिओवर लागत नाही, त्याला बाई समोर हव्यातच.

या फॉर्ममध्ये आईवडिलांची सध्याची नावं विचारतात आणि जन्माच्या वेळची नावंही. वडिलांचा रकाना सोपा. आईच्या रकान्यात मी माहेरचं आडनाव लिहिलं आणि पुढे सरकले. बाईंनी थांबवलं: फक्त आडनावच बदललं होतं का? नाही ना. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं की आमच्याकडे आख्खी बाईच नवी होते. आई शेजारीच बसली होती. जन्मनावाचं स्पेलिंग तिने स्वतः एकेक अक्षर सांगितलं आणि मग मला म्हणाली, "हे मी शाळेनंतर कुठे लिहिलंच नाही गं."

सेलिब्रंट ही काय भानगड, असं सांगलीहून बरेच जण विचारतात, म्हणून थोडक्यात. ऑस्ट्रेलियात लग्नाचा कायदा 1961 चा. पूर्वी चर्चमध्ये जा नाहीतर सरकारी कचेरीत. 1973 मध्ये लायनल मर्फी या अ‍ॅटर्नी जनरलने सामान्य नागरिकांना लग्नं लावायचा अधिकार द्यायला सुरुवात केली आणि आज दहातली आठेक लग्नं हेच लोक लावतात. त्यांची नोंद केंद्र सरकारकडे असते आणि यादी ऑनलाइन बघता येते. बघाच. आमचे इथले गुरुजी फार छान मंत्र म्हणतात, पण त्यांची नोंदणी नाही. म्हणजे सप्तपदी सातदा घातली तरी सरकारदरबारी आम्ही अविवाहितच. काही पुरोहितांची नोंदणी असते. तुमच्यांची असेल तर या बाईंची गरजच नाही, 890 डॉलर जेवणावर घाला.

पुण्यात माझ्या चुलतभावाने स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली लग्न केलं होतं. तिथेही 30 दिवसांची नोटीस, पण ती कचेरीच्या फलकावर लागते. त्या फलकावर त्याचं नाव वाचून कोणीतरी आमच्या काकांना फोन केला होता. इथला फॉर्म फलकावर लागत नाही. साक्षीदारही तिथे तीन, इथे दोन, अठरा वर्षांवरचे.

आमच्या साक्षीदार होत्या आई आणि नवऱ्याच्या पहिल्या बायकोची बहीण. तिनेच विचारलं होतं, मी सही केली तर चालेल का.

लग्नाच्या दिवशी बाई अर्धा तास आधी आल्या आणि म्हणाल्या, तुझ्याशी एकटीशी बोलायचंय. घरात पाहुणे, सगळ्या खोल्यांत साड्या आणि इस्त्री. शेवटी आम्ही लाँड्रीत गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. मी नऊवारीत, मागे वॉशिंग मशीन. त्यांनी विचारलं, हे तू स्वतःच्या मनाने करते आहेस ना? कोणी भरीस घातलंय का? आत्ता नको म्हणालीस तरी चालेल, बाहेर काय सांगायचं ते मी बघते.

दोघांनाही असं वेगवेगळं भेटणं आता कायद्यानेच बंधनकारक आहे, हे मला नंतर कळलं. त्यांच्या दृष्टीने ते रोजचं काम असणार. पण 2011 मध्ये अंतरपाटाच्या त्या बाजूला मी उभी होते, चारशे माणसं अक्षता घेऊन तयार होती, आणि एकानेही हे विचारलं नव्हतं. मी हो म्हणाले. मग बाईंनीच माझ्या पदराची पिन नीट केली, कारण रडताना मी ती ओढली होती.

विधी वीस मिनिटांत झाला. त्यात कायद्याचा भाग तीन-चार वाक्यांचाच. त्या आधी सांगतात की मला लग्न लावायचा अधिकार आहे, हे नातं गंभीर आणि बांधून टाकणारं आहे, आणि या देशाच्या कायद्यात लग्न म्हणजे इतर सर्वांना वगळून दोन व्यक्तींनी स्वेच्छेने आयुष्यभरासाठी एकत्र येणं. 'दोन व्यक्ती' हे शब्द डिसेंबर 2017 पासूनचे, त्याआधी 'पुरुष आणि स्त्री' होतं. मग आम्ही एकेक वाक्य म्हणायचं, जमलेल्यांना साक्षी ठेवून. मला ते मराठीत म्हणायचं होतं. बाईंची अट एकच: नवऱ्याला कळलं पाहिजे. म्हणून मी आधी इंग्रजीत म्हटलं, मग मराठीत. मराठीतलं फक्त आईला ऐकू जाईल इतक्या हळू.

तक्रारी आहेतच. ब्लूटूथ स्पीकर वाऱ्यात अर्धा वेळ बंद. माझं आडनाव त्यांनी रेकॉर्डिंग ऐकून पाठ केलं होतं तरी ऐनवेळी त्यातला 'ळ' गडगडला. आणि चुंबन वगळा असं दोनदा लिहून दिलं असताना सवयीने त्या "यू मे नाऊ..." म्हणून गेल्या. आमच्या मामांनी ताबडतोब आकाशाकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्या कपाळावर ओठ टेकवून वेळ मारून नेली.

एक गोष्ट त्यांनी ठळकपणे सांगायला हवी होती. लग्नानंतर हातात देतात ते नक्षीदार प्रमाणपत्र भिंतीवर छान दिसतं, पण नाव बदलायला किंवा पासपोर्टच्या कामाला ते धरत नाहीत. बाई 14 दिवसांच्या आत कागद राज्याच्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीकडे पाठवतात (आमचे दोन दिवसांत गेले), आणि नोंद झाल्यावर खरं सर्टिफिकेट आपण पैसे भरून मागवायचं. हे त्यांच्या ईमेलमध्ये होतं, अगदी तळाशी. मी नक्षीवालं घेऊन लायसन्सच्या रांगेत चाळीस मिनिटं उभी राहिले. भारतात दाखवायचं असेल तर त्या खऱ्या सर्टिफिकेटवर ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याचा अपोस्टील शिक्काही (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मारतात तो) लागतो, तेही एका दमात मागवून टाका.

नाव-नंबर हवा असेल तर मला मेसेज करा. शनिवार हवा असेल तर लवकर करा, त्यांचे शनिवार महिनोन्‌महिने आधी भरलेले असतात. आमचा 8 मार्च मोकळा होता कारण त्या दिवशीचं कुणाचं तरी लग्न रद्द झालं होतं. लाँड्रीतून बाहेर येताना मी त्याचं कारण विचारलं. बाईंनी सांगितलं नाही.