परीक्षण : जेमकोव्हॅक-ओएम आणि इतर एमआरएनए लशी, दुष्परिणामांच्या हिशेबासह

आधी मोबाइलमधलं लसीकरणाचं प्रमाणपत्र उघडा आणि लशीचं नाव वाचा. सोलापुरात कुणी तरुण पळता पळता कोसळला की चौकात एकच वाक्य फिरतं, 'लशीमुळं झालं.' कुठल्या लशीमुळं, हे मात्र कुणी विचारत नाही. प्रमाणपत्रावर कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन असेल, तर तुमच्या दंडात एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारी) लस गेलेलीच नाही. कोव्हिशील्ड ॲडेनोव्हायरसवर, म्हणजे सर्दीच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर, बेतलेली आहे आणि कोव्हॅक्सिन निष्क्रिय केलेल्या विषाणूची. फायझरनं भारतातला अर्ज फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला. मॉडर्नाला जून २०२१ मध्ये परवानगी मिळाली, तरी ती आपल्या मोहिमेत कधी आली नाही. २०२४ मध्ये लंडनच्या कोर्टातल्या कागदपत्रांवरून कोव्हिशील्डबद्दल जी घबराट उडाली, ती प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याबद्दल होती. तो अतिदुर्मिळ दुष्परिणाम ॲडेनोव्हायरस लशींचा आहे. हृदयाच्या स्नायूला सूज येणं हा एमआरएनए लशींचा. दोन्ही एका पोत्यात भरले की घरच्यांना नको ती भीती बसते आणि खऱ्या लक्षणाकडे दुर्लक्ष होतं.

अचानक मृत्यूंबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) १८ ते ४५ वयोगटाचा अभ्यास केला. देशातल्या ४७ रुग्णालयांमधून ७२९ मृत्यू घेतले आणि त्यांची तुलना २,९१६ जिवंत व्यक्तींशी केली. कोविड लशीनं धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी दिसला. पूर्वी कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, घरात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत भरपूर दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम, ही कारणं पुढे आली. पण हा अभ्यास आपल्याकडच्या लशींचा आहे. त्यावरून एमआरएनए लशीला प्रमाणपत्र देता येत नाही. तिचा हिशेब वेगळाच मांडायला हवा.

भारतीय एमआरएनए लस आपल्या शेजारची आहे. पुण्याच्या हिंजवडीतल्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सची जेमकोव्हॅक-१९ जून २०२२ मध्ये १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी तातडीच्या वापराला मंजूर झाली. पाठोपाठ जून २०२३ मध्ये ओमायक्रॉनसाठीची जेमकोव्हॅक-ओएम आली. कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिनचे डोस पूर्ण झालेल्यांसाठी ती बूस्टर आहे. ती सुईनं देत नाहीत. ट्रॉपिस नावाचं स्प्रिंगवर चालणारं उपकरण द्रवाची बारीक धार त्वचेच्या आतल्या थरात सोडतं. टोचल्याजागी लहानसा फुगवटा आला तर डोस नीट बसला असं समजायचं. त्वचेवर थेंब ओघळला तर उपकरण तिरकं धरलं गेलंय किंवा पुरेसं दाबलेलं नाही. सुईला घाबरणाऱ्यांसाठी ही सोय फार चांगली आहे. तरी 'काहीच कळत नाही' असं नाही, रबर ताणून सोडल्यासारखा फटका जाणवतो.

एमआरएनए म्हणजे पेशीला दिलेली एक चिठ्ठी: 'हे प्रथिन बनव.' पेशी ती वाचते, विषाणूचं काटेरी प्रथिन बनवते, प्रतिकारशक्ती ते ओळखायला शिकते आणि चिठ्ठी विरून जाते. ती पेशीच्या केंद्रकात शिरत नाही, त्यामुळं डीएनए बदलण्याचा प्रश्न येत नाही. उघडा आरएनए शरीरात फार वेळ टिकत नाही, म्हणून तो मेदाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत गुंडाळतात. शिवाय परका आरएनए दिसला की पेशी दाहाचा गोंधळ घालते. कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की आरएनएतलं एक अक्षर किंचित बदललं तर हा गोंधळ बराच कमी होतो. त्याच कामासाठी त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. जेमकोव्हॅक-ओएमची चिठ्ठी आणखी वेगळी आहे. ती पेशीत गेल्यावर स्वतःच्या प्रती काढून घेते, म्हणून कमी मात्रेत काम भागतं. विषाणूचं कवच बनवायची माहिती तिच्यात नसते, त्यामुळं एका पेशीतून दुसऱ्या पेशीत ती पसरू शकत नाही.

सोलापूरसाठी या लशीचा सगळ्यात मोठा गुण साठवणुकीत आहे. फायझरची मूळ लस उणे ६० ते उणे ९० अंशांत ठेवावी लागे. जांभळ्या झाकणाच्या कुपीत १.८ मिलिलिटर सलाइन घालायचं, न हलवता हळूच दहा वेळा उलटसुलट करायची, ०.३ मिलिलिटरचे सहा डोस काढायचे आणि सहा तासांत संपवायचे. जोरात हलवली की मेदाचे गोळे फुटतात किंवा एकमेकांना चिकटतात आणि लस निकामी होते. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जाणाऱ्या, दुपारी वीज कधी जाईल याचा नेम नसणाऱ्या गावात हा उद्योग अवघडच. जेमकोव्हॅक कोरड्या भुकटीच्या रूपात येते आणि नेहमीच्या २ ते ८ अंशांत राहते. म्हणजे गोवर-पोलिओच्या लशी ज्या आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये (बर्फाचं अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये) असतात, त्यातच तिची सोय होते. अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याच्या उपकेंद्रापर्यंत ती साध्या व्हॅक्सिन कॅरिअरमधून (लशीच्या थंड पेटीतून) जाऊ शकते.

पण भुकटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एकदा द्रवात विरघळवली की घड्याळ सुरू होतं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेनंतर उरलेली कुपी फेकायचीच. कॅरिअरमधले बर्फाचे पॅक डीप फ्रीझरमधून काढून थेट ठेवले तर लस गोठू शकते. ते बाहेर ठेवून पॅकला घाम फुटेपर्यंत आणि हलवल्यावर आत पाणी डुचमळेपर्यंत थांबायचं. लस घेणाऱ्यानं इतकं करावं: तापमानाची वही बघायला मागावी. सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी असल्या की बरं. जिथं दाखवायला कुरकुर करतात, तिथं आम्ही डोस घेऊ नका असंच सांगू. लस उन्हानं मेलेली असेल तर ती अपाय करत नाही, पण उपयोगही नाही आणि तुमचा तो दिवस वाया जातो.

नेहमीचा त्रास किती? फायझरच्या ४३ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीत १६ ते ५५ वयाच्या लोकांपैकी दुसऱ्या डोसनंतर ५९ टक्क्यांना थकवा आला, ५२ टक्क्यांचं डोकं दुखलं, १६ टक्क्यांना ताप आला. ५५ वर्षांवर हेच आकडे ५१, ३९ आणि ११. आता दुसरी बाजू पाहा: तरुण गटात नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्यांपैकीही २३ टक्क्यांना थकवा आणि २४ टक्क्यांना डोकेदुखी होती. म्हणजे निम्म्याच्या आसपास त्रास लशीच्या खात्यात धरता येत नाही. ताप मात्र लशीचाच.

हा त्रास साधारण दुसऱ्या दिवशी चढतो आणि तिसऱ्या दिवशी उतरतो. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, गरज पडली तरच, दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवून. लस घेण्याआधीच गोळी घेऊन ठेवू नका. यंत्रमागावर उभं राहणाऱ्यांनी आणि विड्या वळणाऱ्या बायकांनी साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी डोस घ्यावा, तोही कमी वापराच्या हातात. दंड दुखत असताना दिवसभराच्या हजार विड्या होत नाहीत आणि मजुरी तर विड्यांच्या मोजणीवर. ४८ तासांनंतरही ताप राहिला तर लशीला दोष देत घरी बसू नका. पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे डेंग्यू असतो, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून प्लेटलेट बघा. त्या शंकेत आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळा. काखेत गाठ येणं एमआरएनए लशीत बऱ्यापैकी आढळतं, काही आठवड्यांत ती जिरते. स्तनाची तपासणी ठरलेली असेल तर डॉक्टरांना लशीची तारीख आणि बाजू नक्की सांगा, नाहीतर नको त्या बायोप्सीपर्यंत प्रकरण जातं.

ॲलर्जीचा तीव्र झटका दहा लाख डोसमागे साधारण पाच जणांना येतो, बहुतेकांना पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून आपल्याकडच्या कोविड लसीकरणात सगळ्यांनाच ३० मिनिटं बसवून ठेवत. टेबलावर ॲड्रेनालिनची कुपी आणि सिरिंज समोर दिसली पाहिजे, कुलूपबंद कपाटात नव्हे. प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, लगेच. आधी ॲव्हिल (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) देऊन वाट बघत बसणं ही आपल्याकडची जुनी आणि घातक सवय आहे. फायझर आणि मॉडर्नाच्या लशींत पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं. बद्धकोष्ठतेवर किंवा कोलोनोस्कोपीच्या आधी जी पावडर पाण्यात घालून देतात, तिच्यातही तेच. ती पिऊन कधी अंगावर गांधी उठल्या असतील, ओठ सुजले असतील, तर आधी सांगा. शेंगाचटणीची किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर या लशींना अडचण नाही, त्यांत यातलं काहीच नसतं.

आता हृदयाचं. इथं गुळमुळीत बोलून चालणार नाही. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूची सूज, हा एमआरएनए लशींचा सिद्ध झालेला दुष्परिणाम आहे. २०२१ च्या वसंतात इस्राएलमधून पहिला इशारा आला. अमेरिकेतल्या नोंदींनुसार फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर १६-१७ वर्षांच्या मुलग्यांमध्ये प्रमाण दहा लाखांत सुमारे १०६, म्हणजे साडेनऊ हजारांत एक. १८ ते २४ वयाच्या तरुण पुरुषांत ते फायझरनंतर दहा लाखांत ५२ आणि मॉडर्नानंतर ५६ पर्यंत उतरतं. रुग्णांत ८२ टक्के पुरुष. लक्षणं बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू झाली. ज्यांची पूर्ण माहिती मिळाली त्या तिशीच्या आतल्या रुग्णांपैकी ८७ टक्क्यांची लक्षणं घरी सोडेपर्यंत गेली होती. तरी 'सौम्य' हा शब्द आम्ही जपून वापरू, कारण काही महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये अनेकांच्या स्नायूवर खूण शिल्लक दिसली. तिचा पुढं काय परिणाम होतो, यावर संशोधन चालू आहे.

'कोविडमुळं याहून जास्त होतं' हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. सरासरीत ते खरं आहे: इस्राएलच्या अभ्यासात लशीमुळं एक लाखात २.७ जादा रुग्ण, तर संसर्गामुळं ११. पण सरासरी म्हणजे प्रत्येक वय नव्हे. ब्रिटनमध्ये चाळिशीखालच्या पुरुषांत मॉडर्नाच्या दुसऱ्या डोसनंतर दहा लाखांत ९७ जादा रुग्ण आढळले, संसर्गानंतर १६. मॉडर्नाची मात्रा १०० मायक्रोग्रॅम होती, फायझरची ३०. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडननं तरुणांसाठी मॉडर्ना थांबवली ती याच धोक्यामुळं. दोन डोसमधलं अंतर वाढवलं की धोका घटतो, म्हणून कॅनडानं आठ आठवड्यांचा सल्ला दिला.

पोलीस भरतीसाठी पहाटे होम मैदानावर धावणाऱ्या, तालमीत जोर मारणाऱ्या मुलांनी एमआरएनए लस घेतली तर दोन आठवडे जोराचा व्यायाम बंद ठेवावा. आठवड्याभरात छातीत दुखलं, धाप लागली, धडधडलं तर 'गॅस असेल' म्हणून सोडा पिऊ नका. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे सांगणारी रक्तचाचणी), दोन्ही त्याच दिवशी. नुसता टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला म्हणून परत पाठवलं तर ट्रोपोनिनचा आग्रह धरा, कारण सुरुवातीला इको साफ असू शकतो. निदान झालं तर तीन ते सहा महिने धावणं आणि कुस्ती बंद. भरतीची तारीख हुकली तर हुकू द्या.

मासिक पाळीबद्दल बायकांनी जे सांगितलं ते सुरुवातीला उडवून लावलं गेलं, ही चूक होती. नंतरच्या अभ्यासात चक्र सरासरी एका दिवसाहून कमी लांबल्याचं दिसलं. युरोपच्या औषध संस्थेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये जास्त रक्तस्रावाची नोंद पत्रकात घालायला सांगितली. तो तात्पुरता असतो. गर्भपात वाढल्याचा पुरावा मात्र मोठ्या अभ्यासांत मिळालेला नाही.

मग जेमकोव्हॅक-ओएमचं काय? तिची चाचणी ३,१४० जणांवर झाली, तुलनेला कोव्हिशील्ड होती आणि लशीशी निगडित गंभीर घटना आढळली नाही. हे चांगलं आहे, पण त्यातून किती कळतं तेही बघू. संख्याशास्त्रात तीनचा साधा नियम आहे: 'न' माणसांत एकही घटना दिसली नाही तर खरं प्रमाण, ९५ टक्के खात्रीनं सांगायचं तर, जास्तीत जास्त ३ भागिले 'न' असू शकतं. ३ भागिले ३,१४० म्हणजे साधारण हजारात एक. चाचणीतल्या सगळ्यांनी ही लस घेतली असं धरलं तरी दहा हजारांत एकाला होणारा मायोकार्डायटिस या जाळ्यात सापडेलच असं नाही. फायझर-मॉडर्नाचे दोष आपल्याला माहीत आहेत, कारण कोट्यवधी लोकांनी त्या घेतल्या. जगभरातल्या ९ कोटी ९० लाख लसवंतांच्या अभ्यासातही हृदयाचा इशारा पुन्हा तसाच दिसला. जेमकोव्हॅकचा रकाना कोरा आहे तो घेणारे कमी म्हणून. कोरा रकाना स्वच्छ समजू नये.

आमचं मत: साठी ओलांडलेल्यांना, मधुमेह, दमा, किडनीचा आजार किंवा प्रत्यारोपण असलेल्यांना डॉक्टरांनी बूस्टर सुचवला तर ही लस घ्यायला हरकत नाही. कोविड होऊन गेलेल्या, आधीचे डोस झालेल्या धडधाकट विशीतल्या मुलानं घाई करायचं कारण आम्हाला दिसत नाही. साठवणुकीला पाचपैकी पाच, टोचण्याच्या पद्धतीला चार. सुरक्षिततेला गुण देण्याइतका आकडा हाती नाही, म्हणून तो रकाना मोकळा सोडतो.

त्रास झालाच तर नोंद करा. लशीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, हात, आणि लक्षण किती तासांनी सुरू झालं, हे कागदावर उतरवा. बॅच क्रमांक डोस घेतानाच कुपीचा फोटो काढून ठेवावा, नंतर कुणी शोधून देत नाही. सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाची टोल-फ्री हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे. रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही.