स्टेजटिप की झिपटिप? पेप्टाइडवाल्यांसाठी एक रिव्ह्यू

आधी निकालच सांगते म्हणजे घाईतल्यांनी तेवढं वाचून कटावं. पेप्टाइड (प्रोटीनचे छोटे तुकडे) डीसॉल्ट करायला, म्हणजे त्यातलं मीठ काढायला, सी-१८ या पेप्टाइड धरणाऱ्या मटेरियलची एम्पोर डिस्क मागवा आणि स्टेजटिपा, म्हणजे तिची चकती ठासलेल्या पिपेटच्या टिपा, स्वतः बनवा, पाचपैकी साडेचार. झिपटिपला, म्हणजे तेच काम करणाऱ्या विकतच्या तयार टिपेला, साडेतीन. माल उत्तमच आहे तो, त्यात वादच नाही, पण ९६ टिपांचा डबा येतो आणि तो कपाटात कुलूपबंद असतो, आणि नवीन आलेल्या पोराला हात बसवायला त्यातली एक टिप कोणी देईल तर शपथ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोटीनचे ट्रिप्सिन या एन्झाइमने तुकडे केले की त्या ट्यूबमध्ये पेप्टाइडसोबत युरिया, बफरचं मीठ, कुठेतरी डिटर्जंट असं सगळं गचगच झालेलं असतं. हे तसंच मास स्पेकमध्ये (रेणूंचं वजन मोजणारं मशीन) सोडलं तर मीठच आयन होऊन नाचतं आणि तुमचं पेप्टाइड दिसतच नाही, दारात वरातीचा बँड वाजत असताना शेजारच्या मावशी काय सांगतायत ते कळेल का, तसं. वर सोडियम चिकटलं की त्याच पेप्टाइडचा वजनात २२ ने पुढे सरकलेला आणखी एक पीक (आलेखातला सुळका) येतो, म्हणजे आधीच कमी असलेला सिग्नल दोन-तीन ठिकाणी वाटला जातो. सी-१८ पेप्टाइड धरून ठेवतं, मीठ वाहून जातं, मग अ‍ॅसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट टाकलं की स्वच्छ पेप्टाइड खाली. एवढंच काम, पण हे नीट झालं नाही तर कोट्यवधींचं मशीन काही कामाचं नाही.

आता या टिपेच्या मागची माणसं, कारण मला हा भाग फार आवडतो आणि लॅबमध्ये कोणी सांगत नाही. जॉन फेन म्हणून केमिस्ट, जन्म १९१७ न्यूयॉर्क, येलमधून १९४० ला पीएचडी, मग बरीच वर्षं कंपन्यांमध्ये नोकरी, मग प्रिन्स्टन, तिथे मॉलेक्युलर बीमवर (रेणूंच्या झोतावर) काम, आणि १९६७ ला परत येल. बायोलॉजीशी या माणसाचा तोपर्यंत काही संबंध नाही! इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे विजेचा दाब देऊन द्रावणाचा केलेला बारीक फवारा, वापरून मोठे रेणू हवेत आणायची कल्पना माल्कम डोल यांनी १९६८ मध्येच करून बघितली होती, फेननी ती सहकारी यामाशितांबरोबर मास स्पेकला जोडली आणि १९८४ ला पेपर आले, म्हणजे साहेब तेव्हा सदुसष्ट वर्षांचे. आपल्याकडे त्या वयात लोक पेन्शनच्या फायली घेऊन फिरत असतात. येलच्या नियमाप्रमाणे सत्तरीला रिटायर केलं, लॅबची जागाही कमी केली, आणि प्रोटीनचे ते गाजलेले स्पेक्ट्रा १९८८ ला जगासमोर आले ते त्यानंतर. २००२ ला नोबेल, वय ८५. (पेटंटवरून येलशी कोर्टकचेरी झाली ती वेगळीच, त्यात २००५ ला निकाल फेनच्या विरोधात गेला.)

त्यातली गंमत अशी की त्यांच्याकडचं मशीन साध्या क्वाड्रुपोल प्रकारचं, एम बाय झेड (वजन भागिले चार्ज) १५०० पर्यंतच बघणारं. मग १४,३०० वजनाचं लायसोझाइम हे प्रोटीन कसं दिसणार? तर इलेक्ट्रोस्प्रेमध्ये प्रोटीनवर एक नाही, दहा-दहा प्रोटॉन बसतात, १४,३०० भागिले १० म्हणजे पीक येतो १४३१ च्या आसपास, आला की रेंजमध्ये. आधी लोकांना हे पिकांचं जंगल म्हणजे कटकट वाटायची, पण फेनकडेच पीएचडी करणाऱ्या मथियास मान यांनी उलट डोकं लावलं की शेजारशेजारच्या पिकांत फक्त एका चार्जचा फरक आहे, म्हणजे प्रत्येक पीक हे त्याच वजनाचं वेगळं माप झालं, सगळ्यांची सरासरी काढा की वजन आणखी अचूक. १९८९ चा तो पेपर अजूनही वाचायला मजा येते.

हेच मान पुढे हायडलबर्गला गेले, तिथे मथियास विल्म यांच्याबरोबर नॅनोस्प्रे केला, म्हणजे इलेक्ट्रोस्प्रेचंच छोटं रूप, इतकी बारीक सुई की एक मायक्रोलिटर सॅम्पल अर्धा तास सहज पुरतं. मग डेन्मार्कात ओडेन्सला असताना २००३ मध्ये रॅप्सिल्बर, इशिहामा आणि मान यांचा स्टेजटिपचा पेपर आला. म्हणजे बघा, गुरूपासून चेल्यापर्यंत सगळा जीव अडकलाय तो थेंब मशीनमध्ये जाताना कसा जातो यात, डिटेक्टर वगैरे नंतर. आणि त्यातून जे निघालं ते काय तर २०० मायक्रोलिटरची पिवळी टिप आणि तिच्यात ठासलेली डिस्कची चकती. थेट कृतीच छापून टाकली, करा बाबांनो घरी.

बनवायला १६ गेजची बोथट सुई लागते, डिस्कवर दाबून चकती कापायची आणि आतून तारेने ढकलून टिपेच्या टोकाशी बसवायची. हे हळू हाताने करा, फार घट्ट ठासली तर सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवूनही थेंब उतरत नाही, सैल राहिली तर सॅम्पल कडेने पळतं. मग मेथनॉल, मग अ‍ॅसिटोनायट्राइलवालं द्रावण, मग ०.१ टक्का टीएफए (एक आम्ल) टिपेतून सोडा, सॅम्पल अ‍ॅसिड करून घ्या आणि ते घालेपर्यंत चकती कोरडी पडू देऊ नका. एका चकतीत फार तर दोन-चार मायक्रोग्रॅम माल मावतो, जास्त असेल तर दोन चकत्या एकावर एक. झिपटिपमध्ये पिपेटने वरखाली वरखाली करत बसावं लागतं, चार सॅम्पलला ठीक आहे, चोवीस झाले की अंगठा दुखतो, स्टेजटिपा एकदम सेंट्रिफ्यूजमध्ये लावल्या की काम होतं.

साडेचार का, तर सगळ्यात मोठा फायदा आपल्यासारख्यांना. मास स्पेक बहुतेक वेळा आपल्या गावात नसतोच, स्लॉट कधी मिळेल सांगता येत नाही, तर धुऊन घेतलेली पेप्टाइडं चकतीवर तशीच ठेवून टिपा फ्रिजमध्ये ठेवता येतात, कुरियरनेसुद्धा पाठवता येतात, तिकडच्याने एल्यूट करून, म्हणजे चकतीवरून उतरवून, लावायचं. ड्राय आइसचा डबा आणि ती फोनाफोनी वाचते. एका डिस्कमधून टिपा निघतात पण भरपूर, त्यामुळे मास्टर्सच्या मुलांनी दहा वाया घालवल्या तरी कोणी ओरडत नाही.

अर्धा मार्क कापला तो हाताच्या कामामुळे. माझी टिप आणि माझ्या शेजारच्या बाकावरच्याची टिप सारख्या वेगाने गळतीलच असं नाही, आणि नंबर मोजायचे असतील, म्हणजे क्वांटिटेटिव्ह काम असेल, तर सगळ्या टिपा एकाच माणसाने एकाच बसणीत बनवलेल्या बऱ्या. छोटी पाणीप्रेमी पेप्टाइडं आणि बरीच फॉस्फोपेप्टाइडं सी-१८ वर टिकत नाहीत, धुताना जातात, हा दोष झिपटिपलाही आहे, त्यासाठी वेगळं मटेरियल बघा. डिस्क वेळेवर मिळणं हा तर स्वतंत्र विषय, आमच्या सप्लायरने पुढच्या आठवड्यात म्हणून जे सांगितलं तो आठवडा दिवाळीनंतर उगवला, नाव घेत नाही.

आणि टिपा स्वस्तातल्या वापरू नका. प्लास्टिकमधून फ्थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) सुटतं आणि ३९१ ला एक निगरगट्ट पीक प्रत्येक रनमध्ये बसलेला दिसतो. ४४-४४ च्या अंतराने शिडी दिसली तर ते पीईजी (पॉलीइथिलीन ग्लायकॉल) आहे, डिटर्जंटमधून नाहीतर हँडक्रीममधून आलेलं, टिपेला दोष देऊ नका. चकत्या कापताना ग्लोव्ह्ज घाला, केस बांधा, आणि थंडीत लोकरीचा स्वेटर घालून बसूच नका, नाहीतर रिझल्टमध्ये आधी तुमचं केराटिन (केस-त्वचेतलं प्रोटीन), मग मेंढीचं, आणि तुमचं प्रोटीन तिसऱ्या पानावर.

झिपटिप कोणी घ्यावी? वर्षाला मोजकी सॅम्पल्स असतील, माल्डी (लेझर वापरणारा मास स्पेकचा प्रकार) प्लेटवर थेट एक-दोन मायक्रोलिटरमध्ये उतरवायचं असेल आणि गाइडच्या ग्रांटमध्ये पैसे शिल्लक असतील तर बिनधास्त घ्या, त्यातला बेड (सी-१८ चा थर) अर्ध्या मायक्रोलिटरच्या थोडा वर आहे, त्यामुळे एवढ्या कमी आकारमानात स्टेजटिपपेक्षा ती सोपी पडते. बाकीच्यांनी डिस्क, सुई आणि एक मोकळी दुपार.