पैशावरचं पहिलं पुस्तक घेताय? आधी तुमची अडचण कोणती ते बघा

पगार नुकता सुरू झालाय, किंवा दहा वर्षं कमावूनही महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. अशा वेळी पैशावरचं पुस्तक घ्यायला गेलात, की चार नावं हमखास पुढे येतात: 'द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन', 'रिच डॅड पुअर डॅड', 'द सायकॉलॉजी ऑफ मनी' आणि 'लेट्स टॉक मनी'. मी चारही वाचली आहेत, त्यातली दोन पुन्हा पुन्हा. चारही एकदम आणू नका. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

डोक्यावर देणं असेल तर जॉर्ज क्लेसनचं बॅबिलॉन घ्या. पुस्तक 1926चं. यातल्या गोष्टी आधी छोट्या पुस्तिका म्हणून निघाल्या आणि बँका, विमा कंपन्या त्या लोकांना वाटायच्या. म्हणूनच एकेक गोष्ट एका बैठकीत संपते. त्यातला उंटांचा व्यापारी दबासिर मला फार जवळचा वाटतो. कर्जाला भिऊन तो गाव सोडतो, गुलामी भोगतो आणि परत येऊन मातीच्या पाटीवर प्रत्येक देणेकऱ्याचं नाव आणि रक्कम लिहितो. मग कमाईचे दहा भाग करतो: सात घरखर्चाला, दोन देणेकऱ्यांना, एक स्वतःसाठी. पगार 30,000 असेल तर 21,000 घरात, 6,000 देण्याला, 3,000 बाजूला. मी एकदा वहीत अशीच यादी केली होती: किराणावाला, मेहुणा, पतपेढी, क्रेडिट कार्ड. आकडे एकाखाली एक लिहिल्यावर बेरीज मनात धरली होती त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली, पण त्या रात्री झोप मात्र लागली.

एका बाबतीत मात्र क्लेसनचं ऐकू नका. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज लागू शकतं. असं देणं असताना दहावा भाग साठवत बसण्यापेक्षा तोही कार्डावर भरा. बचत नंतर.

आता घराचा प्रश्न. आपल्याकडे लग्न ठरण्यापासून निवृत्तीपर्यंत सगळं फ्लॅटभोवती फिरतं आणि नेमकं इथेच दोन पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. रॉबर्ट कियोसाकीचं 'रिच डॅड' 1997 साली आलं. खिशात पैसे घालते ती मालमत्ता, खिशातून काढते ती देयता, ही त्याची व्याख्या. त्यामुळे राहतं घर त्याच्या हिशेबात मालमत्ता ठरत नाही. पहिल्यांदा वाचताना राग येतो, पण गणित करून बघा. 50 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षं: हप्ता सुमारे 43,400. तसाच फ्लॅट 20,000 भाड्याने मिळत असेल, तर वरच्या 23,000 रुपयांचं तुम्ही नक्की काय विकत घेताय, हा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. तो विचारायला लावणं हे या पुस्तकाचं मोठं काम आहे. पण पुढे कियोसाकी कर्ज काढून आणखी मालमत्ता घेण्याकडे ओढत नेतो, तिथे थांबा. त्याची उदाहरणं अमेरिकेतली आहेत, तिथले करांचे नियम आणि घरांचा बाजार वेगळा. महिना 35,000 कमावणाऱ्याने ते पान वाचून दुसरा फ्लॅट बुक करू नये.

मॉर्गन हाउजेल 2020च्या 'सायकॉलॉजी ऑफ मनी'त शेवटी स्वतःच्या घराबद्दल सांगतो. व्याजदर कमी असूनही त्याने घरावर कर्ज ठेवलं नाही. कागदावर हा निर्णय चुकीचा, हे तो कबूल करतो, पण त्यातून मिळणारा निवांतपणा त्याला जास्त मोलाचा वाटतो. मला हाउजेल पटतो. हप्ता चुकेल या धास्तीने नोकरीत अपमान गिळणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्याच पुस्तकातला रोनाल्ड रीड आयुष्यभर पेट्रोल पंपावर आणि झाडलोटीच्या कामावर राबला, 2014 साली 92व्या वर्षी गेला आणि मागे 80 लाख डॉलरहून जास्त संपत्ती निघाली. चांगल्या कंपन्यांचे शेअर घेतले आणि वाट पाहिली, एवढंच त्याने केलं. बचत होतेय, पण बाजार पडला की छातीत धडधडतं, किंवा शेजाऱ्याची नवी गाडी बघून मन खट्टू होतं, अशांनी हेच घ्यावं. मात्र उद्या सकाळी कोणता फॉर्म भरायचा, हे त्यात मिळणार नाही.

ते मिळतं मोनिका हालन यांच्या 'लेट्स टॉक मनी'त. 2018चं हे पुस्तक आपल्याच देशासाठी लिहिलंय, त्यामुळे पीपीएफ, म्युच्युअल फंड, मेडिक्लेम सगळं ओळखीचं. तीन खात्यांची त्यांची पद्धत मी लगेच उचलली: एका खात्यात पगार येतो, दुसऱ्यातून घरखर्च, तिसऱ्यातून गुंतवणूक. पगार झाला की त्याच दिवशी वाटणी करायची. विम्याचं प्रकरण वाचून मी कपाटातली जुनी पॉलिसी काढली. ओळखीतल्या एका काकांना नाही म्हणवेना म्हणून घेतलेली. वर्षाला 30,000 हप्ता आणि कवच जेमतेम 5 लाख. तिशीतल्या निरोगी माणसाला याहून कमी हप्त्यात 1 कोटीचा टर्म विमा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा विमा, मिळतो. माझ्यामागे घरच्यांनी 5 लाखांत किती महिने काढले असते, हा हिशेब तोवर मी केलाच नव्हता.

कार्ड किंवा हातउसनं देणं नसेल आणि एकच पुस्तक परवडत असेल, तर डोळे झाकून हालन. सहा महिन्यांनी हाउजेल. त्याचा मराठी अनुवादही मिळतो. 'रिच डॅड' वाचनालयातून आणलं तरी चालेल, मालमत्ता आणि देयतेची प्रकरणं वाचून परत करा. आणि कुणी बेंजामिन ग्रॅहमचं 'इंटेलिजंट इन्व्हेस्टर' हातात दिलंच, तर स्वतः शेअर निवडायची वेळ येईपर्यंत ते जपून ठेवा.