दाट ऑइलखाली झाकलेले इंजिन
जुनी गाडी पसंत करताना मी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले ऑइल पाहायची पट्टी, बाहेर काढली, पुसली, पुन्हा आत घालून पाहिली आणि तिच्या टोकाला लागलेले स्वच्छ, सोनेरी ऑइल पाहून मनाशी व्यवहार पक्का करून टाकला. विकायला काढलेल्या गाडीतही ज्याने ताजे ऑइल भरून ठेवले आहे, त्याने ती जपूनच वापरली असणार, असे मला वाटले. माझी फसवणूक नेमकी त्याच ऑइलने झाली. ते ताजे होते आणि भेसळीचेही नव्हते, परंतु त्या इंजिनासाठी ते मुळीच नव्हते. ते तेथे का भरले होते, हे कळेपर्यंत दोन महिने गेले आणि मधल्या काळात मी एका निर्दोष मेकॅनिकवर आळ घेतला. जुनी गाडी घेणारे बहुतेक जण टायर, पत्रा आणि कागदपत्रे तपासतात. इंजिनात कोणत्या ग्रेडचे, म्हणजे किती दाटपणाच्या श्रेणीचे, ऑइल आहे, हे क्वचितच कोणी विचारते. मीही विचारले नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी गाडी पाहायला गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम होते. "तुम्ही येणार म्हणून सुरू करून ठेवली होती," असे विक्रेत्याने सांगितले आणि मला ते सौजन्य वाटले. इंजिनाचा आवाज मऊ होता, सायलेन्सरमधून धूर नव्हता, ऑइल प्रेशरचा दिवा बंद होता. गाडी घरी आणल्यावर मात्र रोज सकाळी स्टार्टर जड फिरू लागला, सुरू झाल्यावर तीन-चार सेकंद इंजिनाच्या वरच्या भागातून खडखड ऐकू येई आणि मग सगळे शांत होई. इंधनही अपेक्षेपेक्षा जास्त लागत होते. गाडी जुनी आहे, एवढे चालायचेच, असे म्हणून मी त्याकडे कानाडोळा केला.

दीड हजार किलोमीटर झाल्यावर मी गाडी सर्व्हिसिंगला दिली. त्या मेकॅनिकने गाडीचे मॅन्युअल मागून घेतले, त्यातील ऑइलचे पान उघडले आणि तेथे सांगितल्याप्रमाणे ५डब्ल्यू-३० ग्रेडचे ऑइल भरले. तिसऱ्या दिवशी, लांबचा प्रवास करून सिग्नलला थांबलो असताना, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला आणि इंजिनाच्या तळातून ठक्‌-ठक्‌ असा आवाज येऊ लागला. ॲक्सिलरेटर किंचित दाबला की दिवा विझे, पाय काढला की पुन्हा लुकलुके. मी तडक गॅरेजमध्ये गेलो आणि चार माणसांसमोर त्या मेकॅनिकला म्हणालो, की तुम्ही पाण्यासारखे पातळ ऑइल घालून माझ्या इंजिनाची वाट लावलीत.

तो वाद घालत बसला नाही. त्याने माझ्या गाडीत रिकामा केलेला कॅन आणून दाखवला आणि मग भंगाराच्या पेटीतून माझ्या गाडीचा काढलेला जुना ऑइल फिल्टर शोधून काढला. त्याच्या कडेला गंज चढलेला होता, म्हणजे विक्रेत्याने ऑइल बदलले होते, पण फिल्टरला हात लावला नव्हता. मेकॅनिकने त्या फिल्टरमधले उरलेले ऑइल एका काचेवर थेंबभर टाकले, शेजारी नव्या कॅनमधला थेंब टाकला आणि काच तिरकी धरली. नवा थेंब ओघळत काचेच्या कडेला पोहोचला तेव्हा जुना अर्ध्या वाटेवरच होता. "तुमच्या गाडीत आधी कोणते ऑइल होते, ते विक्रेत्याने सांगितले होते का?" एवढेच त्याने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

केवळ काचेवरच्या थेंबावरून कोणाला दोषी ठरवू नये, हे खरे. म्हणून आम्ही फिल्टरमधला नमुना प्रयोगशाळेत दिला. तेथील अहवालात १०० अंश सेल्सिअसला मोजलेला दाटपणा ५० ग्रेडच्या पट्ट्यात बसत होता. वाहन अभियंत्यांच्या एसएई संस्थेच्या जे३०० या मानकानुसार त्या तापमानाला ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोकच्या (दाटपणा मोजण्याच्या एककाच्या) दरम्यान असतो आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. माझ्या मॅन्युअलमध्ये ३० च्या वरचा ग्रेड कोठेही दिलेला नव्हता.

येथे ५डब्ल्यू-३० अशा नावातल्या दोन आकड्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते मला माहीत असते तर मी फसलो नसतो. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे आहे. वजनाशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना किती सहज वाहते ते सांगतो: ५डब्ल्यूची थंड इंजिन सुरू होण्याची चाचणी उणे ३० अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. नंतरचा आकडा गरम इंजिनातला दाटपणा सांगतो. जेथे कडाक्याची थंडी नाही तेथे पहिल्या आकड्याला अर्थ नाही, असे पुष्कळ जण समजतात, परंतु उन्हाळ्याच्या दुपारीदेखील बंद उभ्या गाडीतले ऑइल शंभर अंशांपेक्षा कितीतरी थंडच असते. ४० अंशांना ५डब्ल्यू-३० ऑइलचा दाटपणा साधारणपणे ६० ते ७० सेंटीस्टोक असतो, तर २०डब्ल्यू-५० चा १५० च्या पुढे जातो. माझी सकाळची खडखड आणि जड फिरणारा स्टार्टर यांचे कारण येथे होते. ऑइल वरपर्यंत पोहोचायलाच वेळ लागत होता.

आता मुख्य लबाडी. इंजिनातल्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगमध्ये फार बारीक फट ठेवलेली असते आणि पंपाने दाबाखाली पाठवलेले ऑइल त्या फटीत पातळ थर धरून राहते. बेअरिंग झिजले की फट वाढते, ऑइल तेथून लवकर निसटते आणि दाब टिकत नाही. इंजिन गरम असून मंद गतीने चालत असते तेव्हा ऑइल सर्वांत पातळ असते आणि पंपही सर्वांत हळू फिरत असतो, म्हणून झीज पहिल्यांदा तेथेच उघडी पडते. अशा इंजिनात फार दाट ऑइल भरले तर ते वाढलेल्या फटीतून हळू निसटते, दाब टिकल्यासारखा दिसतो, ठोक्यांचा आवाज दबतो आणि धूरही काही काळ कमी होतो. झीज मात्र जशीच्या तशी राहते. ज्या दिवशी योग्य ग्रेडचे ऑइल पडते, त्या दिवशी ती बोलू लागते आणि दोष योग्य ऑइल घालणाऱ्यावर येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार माझ्याच हातून घडला.

मेकॅनिकने प्रेशर स्विच काढून त्या जागी दाबमापक बसवला. गरम इंजिनाचा मंद गतीतला दाब पुस्तकातल्या किमान आकड्याच्या निम्मादेखील भरला नाही. मग तळाचा सम्प, म्हणजे ऑइल साठणारे भांडे, उघडले. बेअरिंगचे अर्धगोल तुकडे त्याने माझ्या तळहातावर ठेवले, तेव्हा वरचा मऊ करडा थर मधोमध घासून गेलेला आणि खालचा तांबूस धातू उघडा पडलेला मी स्वतः पाहिला. एवढी झीज दीड हजार किलोमीटरच्या वापरातली आणि तीन दिवसांच्या ऑइलमधली नाही, हे त्याने समजावून सांगितले. मी त्याच चार माणसांसमोर त्याची क्षमा मागितली.

विक्रेत्याला दूरध्वनी केला, तर त्याचे उत्तर तयारच होते: "गाडी दिली तेव्हा आवाज नव्हता. तुम्हीच पातळ ऑइल टाकून इंजिन खराब केलेत." ही फसवणूक किती विचारपूर्वक केलेली असते, हे मला त्या वाक्याने कळले. मोठमोठ्याने भांडूनही माझ्या हाती काही लागले नाही, कारण व्यवहाराच्या वेळी ऑइलच्या ग्रेडविषयी मी एक ओळदेखील लिहून घेतली नव्हती. त्याहून वाईट वाटले ते नंतर. गाडीच्या कप्प्यात जुन्या सर्व्हिसिंगची बिले पहिल्या दिवसापासून पडून होती आणि त्या प्रत्येक बिलावर ५डब्ल्यू-३० लिहिलेले होते. फक्त विक्रीपूर्वीच्या शेवटच्या ऑइल बदलाचे बिल नव्हते. ती बिले मी वाचली असती, तर पुढचे सगळे टळले असते.

दाट ऑइल दिसले की प्रत्येक वेळी लबाडीच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. अनेक मॅन्युअलमध्ये हवामानानुसार दोन-तीन ग्रेडची मुभा तक्त्यात दिलेली असते आणि काही जुन्या रचनेच्या इंजिनांना २०डब्ल्यू-५० हेच ऑइल योग्य असते. एखादा मालक जास्त चाललेल्या गाडीत मुभेतला एक पायरी दाट ग्रेड वापरतो आणि तसे उघड सांगतो, त्यात खोट नाही. मुभेच्या बाहेरचा ग्रेड विक्रीच्या तोंडावर गुपचूप भरलेला असेल, तेव्हा सावध व्हावे. म्हणून आता ओळखीचे कोणी गाडी घेणार असेल, तर मी सोबत जातो आणि सुरू करण्याआधी बॉनेट उघडून इंजिनाला हात लावून पाहतो. ते गरम असेल तर आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येतो. चावी फिरवल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा आधी पेटतो का, हेही पाहतो, कारण तो पेटतच नसेल तर पुढे तो विझलेला दिसण्याला काहीच अर्थ उरत नाही. शेवटच्या ऑइलचे बिल मागतो, रिकामा कॅन असेल तर त्यावरच्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) वर्तुळाच्या मधोमध छापलेला ग्रेड मॅन्युअलशी ताडून पाहतो. बिल नसेल, तर योग्य ग्रेडचे ऑइल आणि नवा फिल्टर आमच्या खर्चाने घालून गाडी गरम होईपर्यंत चालवू द्या, अशी विनंती करतो. विक्रेता कशाला नकार देतो, त्यावरून पुष्कळ समजते.

मला एकाने सल्ला दिला होता, की पुन्हा तेच दाट ऑइल भर आणि गाडी पुढे काढून टाक. माझ्या तळहातावर ठेवलेले ते बेअरिंगचे तुकडे आठवून मला ते करवले नाही. मी इंजिनाचे काम त्याच मेकॅनिककडून करून घेतले. आज गाडीत ५डब्ल्यू-३० आहे, तसे बिलावर लिहून घेतले आहे, आणि सिग्नलला कितीही वेळ उभे राहिले तरी तो लाल दिवा लुकलुकत नाही.