माजी सैनिकाचे उपचार: पॉलिक्लिनिक की प्राथमिक आरोग्य केंद्र?

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे योजनेच्या दवाखान्यातून, संलग्न रुग्णालयात जाण्यासाठी चिठ्ठी मिळते आणि पुढचे उपचार रोख न भरता होतात. मात्र तेथील डॉक्टर व परिचारिका कंत्राटी असतात, आणि करार संपून डॉक्टर बदलला की मधुमेहाच्या जुन्या रुग्णाला सारी हकिकत नव्याने सांगावी लागते, हे मला सर्वांत गंभीर वाटते. शिवाय मेळघाटातल्या वृद्ध जवानाचा पॉलिक्लिनिक गाठताना एसटीच्या प्रवासातच दिवस जातो. प्राथमिक आरोग्य केंद्राचा आदिवासी भागातील निकष २०,००० लोकसंख्येमागे एक असा आहे. तेथे रक्तदाब तपासला जातो, आशा सेविका घरीही येते. तज्ज्ञ मात्र नसतो. म्हणून नेहमीची तपासणी केंद्रात करावी, हृदयविकारासारख्या आजारासाठी पॉलिक्लिनिकच गाठावे.